पाडावयाच्यांची यादी

माझ्या टेबलाच्या खणात एक जुनी डायरी आहे. तिच्या शेवटच्या पानावर मी ‘पाडावयाचे’ असा मथळा लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत आणि त्याखाली नावं आहेत. हिला ती पहिल्यांदा सापडली तेव्हा घराच्या दुरुस्तीचं काही निघालंय असं समजून ती हौसेनं वाचायला बसली.

“अहो, ही तर माणसांची नावं आहेत!”

“माणसांची नाहीत गं. पुढाऱ्यांची.”

“मग ठीक आहे,” म्हणाली आणि डायरी खणात ठेवली.

निवडणूक आली की लोक एकमेकांना ‘कोणाला निवडायचं’ असं विचारतात, असं वर्तमानपत्रवाल्यांना वाटतं. प्रत्यक्षात कट्ट्यावर एकच प्रश्न असतो : यंदा पाडायचा कोणाला? निवडणं हे आमच्या दृष्टीनं पाडण्याचं उपउत्पादन. मराठीत भिंत पाडतात, भोक पाडतात, छाप पाडतात, पायंडा पाडतात. पण जी गोडी उमेदवार पाडण्यात आहे ती कशात नाही. ‘मी अमक्याला निवडून आणला’ असं सांगणारा माणूस कंत्राटदार वाटतो. ‘मी अमक्याला पाडला’ म्हणणारा मात्र खरा मतदार.

माझ्या यादीत एकतीस नावं आहेत. त्यात विचारसरणी वगैरे काही नाही, सगळ्या पक्षांना मी समान न्याय दिला आहे. नावापुढे कंसात कारण लिहायची माझी पद्धत आहे. ‘प्रत्येक वाक्यात निश्चितपणे म्हणतो.’ ‘प्रश्न विचारला की आधी हसतो.’ ‘रुग्णवाहिकेच्या लोकार्पणाला रुग्णवाहिकेतच बसून आला.’ एकापुढे ‘पक्ष बदलला’ असं आहे, त्यापुढे ‘परत बदलला’, त्यापुढे ‘मूळ पक्षात आला’, आणि मग जागा संपल्यामुळे बाण काढून समासात ‘आता कुठे आहे पाहणे’. एका नावापुढे नुसतं ‘मिशी’ आहे. तेव्हा मला काय म्हणायचं होतं ते आठवत नाही, पण नाव मी खोडलेलं नाही. राग उगाच येत नसतो.

अडचण अशी की, या एकतीस जणांपैकी माझ्या मतदारसंघात दोनच आहेत. एक आमदार, एक खासदार. बाकीचे एकोणतीस माझ्या तर्जनीच्या टप्प्याबाहेर सुखात आहेत. लोकशाहीतली ही फार मोठी गैरसोय आहे. ज्याच्या तोंडाकडे पाहून रोज रात्री टीव्हीचा आवाज बंद करावा लागतो, तो नेमका चारशे किलोमीटरवर उभा असतो, आणि तिथले लोक त्याला हार घालत असतात.

यावर माझ्या एका मित्रानं तोडगा काढला. तो दुसऱ्या जिल्ह्यात राहतो, आणि माझ्या यादीतला सात नंबर त्याचा आमदार आहे. उलट माझा आमदार त्याच्या डोक्यात जातो. फोनवर म्हणाला, “सोपं आहे. तू माझा पाड, मी तुझा पाडतो.”

“पण तू खरंच पाडलास हे मला कळणार कसं?”

“शब्द देतो ना!”

“अरे, ज्यांना पाडायचंय तेसुद्धा शब्दच देतात.”

तरी व्यवहार ठरला. निकालाच्या दिवशी आमचे दोघांचेही आमदार चाळीस-चाळीस हजारांनी निवडून आले. त्यानंतर चार महिने आम्ही एकमेकांशी जरा जपून बोलत होतो. माझा त्याच्यावर संशय होता आणि त्याचा माझ्यावर.

दुसरी अडचण खुद्द मतदान यंत्राची. सकाळी सातला रांगेत उभं राहायचं, ओळखपत्र दाखवायचं, डाव्या तर्जनीला शाई लावून घ्यायची, आणि मनात फक्त एक नाव घोळवत त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायचं. समोर नावं, चिन्हं आणि निळी बटणं. मला पाडायचंय त्याचं नाव दोन नंबरला आहे. त्याच्यासमोरचं बटण दाबलं तर तो निवडून येतो! म्हणजे ज्याला हाणायचं त्याच्याच पाठीवर थाप बसते. त्याला पाडायचं तर दुसऱ्या कोणाचं तरी बटण दाबावं लागतं, आणि तो दुसरा कोणी तरी पाहिला की कळतं, हा पुढच्या यादीत येणार. तिसरा अपक्ष, त्याला त्याच्या घरचेही मत देणार नाहीत. चौथ्याचं नाव दोन नंबरच्या नावासारखंच आहे, आणि तो त्याचसाठी उभा केलेला आहे. बटणावर बोट ठेवून मी इतका वेळ विचार करतो की, बाहेरून मतदान अधिकारी विचारतात, “काका, यंत्र चालतंय ना?” यंत्र चालतंय हो. बीप वाजते, लाल दिवा लागतो, काचेच्या खिडकीमागे चिठ्ठी येते आणि सात सेकंद दिसून खाली पडते. तेवढीच काय ती माझ्या हातून पडते.

‘नोटा’चं बटण आहे, मान्य. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ते आलं तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होतो. पण त्या बटणाला दात नाहीत. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ला सर्वांत जास्त मतं पडली तरी विधानसभेत जातो त्याच्याखालचा पहिला हाडामांसाचा उमेदवार. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये हा ‘कोणीही नाही’ सत्तावीस हजारांहून जास्त मतं घेऊन दुसरा आला. एकही सभा नाही, एकही फलक नाही, एकही आश्वासन नाही. कदाचित म्हणूनच. पण दुसरा आलेला माणूस निदान ‘पुढच्या वेळी बघतो’ म्हणतो. हा तेही म्हणत नाही.

खरी सोय अथेन्सवाल्यांनी केली होती, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. त्यांच्याकडे चक्क पाडायचंच मतदान असे. वर्षातून एकदा लोकांना विचारायचे : यंदा कोणाला घालवायचंय का? हो म्हणाले की चौकात जमायचं, फुटक्या मडक्याची खापरी घ्यायची, तिच्यावर नाव कोरायचं आणि टाकायची. उमेदवारी अर्ज नाही, चिन्ह नाही, आचारसंहिता नाही. सहा हजार खापऱ्यांची अट पुरी झाली की ज्याचं नाव सगळ्यांत जास्त त्यानं दहा वर्षं गाव सोडायचं. त्याची मालमत्ता शाबूत, नागरिकत्व शाबूत. फक्त तोंड दाखवायचं नाही. इतकी सुसंस्कृत मागणी मी दुसरी ऐकलेली नाही. मलाही कोणाचं वाटोळं करायचं नाहीये, फक्त दहा वर्षं तोंड नको!

त्या खापऱ्या उत्खननात हजारोंनी सापडल्यात आणि त्यांवरही माझ्यासारखे कंस आहेत. किमॉन नावाच्या सेनापतीला एकानं लिहिलंय : बहिणीला घे आणि चालता हो. काहींनी माणसाचं नावच न घालता ‘उपासमार’ असं कोरलंय. म्हणजे पाडायचंच तर दुष्काळाला पाडा. हा मतदार मला फार जवळचा वाटतो.

अर्थात तिथंही आपले लोक होतेच. अॅक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाच्या एकशे नव्वद खापऱ्या निघाल्या आणि त्यांवरची अक्षरं मोजून चौदा-एक जणांची! म्हणजे कार्यालय थाटून, पोरं बसवून खापऱ्या भरून ठेवल्या होत्या. आणि शेवटी व्हायचं तेच झालं. निकियास आणि अल्किबियाडीस या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक जण जाणार अशी वेळ आली, तेव्हा दोघांनी युती केली आणि हायपरबोलस नावाच्या तिसऱ्यालाच पाडलं. लोकांचा इतका विरस झाला की, त्यानंतर ती पद्धतच बंद पडली. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. मी वाचताना दोनदा तारीख तपासली.

अथेन्सनंतर माझी असूया पोलंडवर. ४ जून १९८९ला तिथं निवडणूक झाली, तेव्हा नको त्या नावांवर काट मारायची पद्धत होती. सरकारनं पस्तीस बड्या नावांची एक राष्ट्रीय यादी केली होती. समोर कोणी उभंच नाही, फक्त निम्मी मतं मिळवायची होती. मतदारांनी पेन काढलं. पस्तीसपैकी तेहतीस पडले, पंतप्रधानांसकट! समोर कोणी नसताना पडणं म्हणजे सपाट जमिनीवर दरीत कोसळणं. जे दोन वाचले त्यांपैकी एक यादीत अगदी शेवटी होता. लोकांनी अख्ख्या कागदावर मोठ्ठी फुली मारली, तिचं टोक त्याच्यापर्यंत पोचलं नाही, असं म्हणतात. ही गोष्ट मी हिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “तुमच्या हातात असा कागद दिला असता तर तुम्ही टेबलावरही फुली उमटवली असती.”

पण पडलेला माणूस पडून राहतो का? ही तिसरी अडचण. ब्रिटनच्या लिझ ट्रस २०२२ साली एकोणपन्नास दिवसांच्या पंतप्रधान. एका वर्तमानपत्रानं कॅमेऱ्यासमोर लेट्यूसचा गड्डा ठेवून आधी कोण कोमेजतं ते पाहिलं होतं, गड्डा जिंकला. २०२४ला त्यांची सव्वीस हजारांची आघाडी वाहून गेली आणि बाई ६३० मतांनी पडल्या. निकाल ऐकायला सगळ्या उमेदवारांनी एका मंचावर ओळीनं उभं राहायचं, ही तिकडची रीत फार चांगली. चेहरे बघायला मिळतात. आपल्याकडे पडलेला उमेदवार दुपारी बारालाच मागच्या दारानं निघून जातो आणि आपण नुसता गुलाल बघत बसतो.

पण घरी बसवलेले परत येतात. १९७७ला रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायणांकडून पंचावन्न हजारांवर मतांनी हरल्या. पुढच्याच वर्षी चिकमगळूरहून लोकसभेत आणि १९८०ला पुन्हा पंतप्रधान. तिथं निदान पुन्हा लोकांसमोर तरी गेल्या. माझ्या यादीतला अकरा नंबर लोकांनी पाडला, आणि सहा महिन्यांत तो वरच्या सभागृहात! म्हणजे आम्ही खाली पाडला तर वर जाऊन पडला. गुरुत्वाकर्षणाचा नियम विधान परिषदेच्या पायरीशी संपतो.

हे सगळं मनात घोळवत एका रविवारी मी डायरी उघडून बसलो होतो. मतदानाला पंधरा दिवस होते. तेवढ्यात बाहेर घोषणा ऐकू आल्या आणि यादीतला एक नंबर, दोनदा अधोरेखित, सदेह माझ्या दारात उभा राहिला.

“काका, नमस्कार. काही अडचण असेल तर हक्कानं सांगा.”

मी गप्प. पाच वर्षं मनात केलेली भाषणं घशातच अडकली. ही आतून म्हणाली, “दारासमोरचा दिवा दोन वर्षं बंद आहे. रात्री पायरी दिसत नाही.”

खरं तर रस्त्यावरचा दिवा हे आमदाराचं काम नव्हे. पण तो म्हणाला, “लिहून घेतो. कागद आहे का काका?” मागच्या कार्यकर्त्यानं घड्याळ दाखवलं, “भाऊ, उशीर होतोय.” मी गडबडलो. हातात डायरी होतीच. टर्रकन पान फाडलं आणि दिलं. त्यानं माझ्याच पेनानं ‘दिवा – तातडीचे’ असं लिहिलं, चौघडी घातली, खिशात ठेवली, नमस्कार केला आणि गेला. पेनसुद्धा गेलं.

पंधरा मिनिटांनी मी डायरी उघडली. शेवटचं पान नव्हतं.

अथेन्समध्ये अॅरिस्टायडीसला एका निरक्षर माणसानं खापरी देऊन ‘हिच्यावर अॅरिस्टायडीस लिही बाबा’ म्हटलं होतं आणि त्या सज्जन गृहस्थानं मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहून दिलं, अशी कथा आहे. मी त्याच्या पुढचं केलं होतं. नाव लिहून, कारणासकट, स्वहस्ते उमेदवाराच्या खिशात पोचवलं होतं. कारण काय लिहिलं होतं ते आठवल्यावर मला घाम फुटला. चार दिवस बेल वाजली की मी मोरीत जात होतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी खांबाला शिडी लागली आणि दिवा पेटला. पांढरा, लख्ख. पायरी दिसली, पायरीवरचा तडा दिसला, तड्यात उगवलेलं गवतही दिसलं. त्यानं कागद उलटून पाहिला होता की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. न पाहता दिवा लावला असेल तर तो कामाचा माणूस. पाहून लावला असेल तर फारच मोठा माणूस. किंवा फारच पोचलेला.

त्या उजेडात खिडकीशी बसून मी आठवून आठवून नवी यादी केली. तीस नावं पेनानं लिहिली. त्याच्या नावाशी आलो आणि हात थांबला. आधी चौथ्या जागी घातलं, मग अकराव्या. शेवटी पेन ठेवून पेन्सिल घेतली.

मतदानाच्या दिवशी आडोशामागे मी जरा जास्तच वेळ होतो. घरी आल्यावर हिनं शाईकडे पाहिलं.

“पाडला का?”

“मतदान गुप्त असतं.”

तो अठरा हजारांनी निवडून आला. विजयाची मिरवणूक आमच्याच दिव्याखालून गेली. तिसऱ्या रात्री दिवा दोनदा फडफडला आणि गेला. मी अंधारात चाचपडत खण उघडला.

“आता काय शोधताय?” ही म्हणाली.

“पेन.”

“ते त्यांच्याकडेच आहे.”