अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या

रानडुकरांनी भात लोळवलं किंवा रोहींनी (नीलगायींनी) हरभरा फस्त केला की महाराष्ट्रात तोच वाद नव्याने पेटतो, आणि दोन्ही बाजू अमेरिकेला साक्षीला उभं करतात. एकांचं म्हणणं, तिकडे शिकार खुली आहे, तशी इथेही करा, प्रश्न मिटेल. दुसऱ्यांचं म्हणणं, तिकडे कोणीही उठतो, बंदूक घेतो आणि हरणं मारत सुटतो. असलं रानटीपण आपल्याला नको. अमेरिकेत राहून हे वाचताना चीड येते. शेजारच्या राज्यात, अनोळखी सरकारी रानात, एक हरीण मारायला जी तयारी लागते तिचा या दोन्ही बाजूंना पत्ताच नसतो.

शिकागोच्या आसपास राहून उत्तर विस्कॉन्सिनला जाणाऱ्याचं उदाहरण घेऊ. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. तयारी मात्र वसंतातच सुरू करावी लागते. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार-शिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. दुसऱ्या राज्याचं चालतं. स्थानिक रहिवाशाला हरणाचा परवाना २४ डॉलरला मिळतो, बाहेरच्याला त्याच्या सहापटींहून जास्त मोजावे लागतात. त्या परवान्यात एकच शिंगवाला नर येतो. मादीची परवानगी वेगळी. ती ठरावीक विभागापुरती असते, शिवाय खासगी जमीन की सरकारी हेही तिच्यावर नोंदलेलं असतं. उत्तरेतल्या कित्येक काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ती मोजकीच निघते आणि ऑगस्टमध्येच संपते. ऑक्टोबरात जागा झालेल्याने नराच्याच भरवशावर जायचं.

आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट आधी तपासावी. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. अमेरिकेतला वैध शिकार परवाना हाती असेल तर त्यातून सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या रहिवाशाला फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगण्याचं राज्याचं ओळखपत्र, तर लागतंच. प्रवासात बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत आणि हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

परवाना हा सगळ्यांत सोपा भाग. अवघड असतं ते रान. एकट्या शेक्वामेगॉन-निकोले राष्ट्रीय वनाचा पसारा सुमारे १५ लाख एकर, आणि काउंट्यांची वनं मिळून त्याहून मोठी. नकाशावरचा हा हिरवा रंग बघून नवखा माणूस हुरळतो. उत्तरेत लांडगे आहेत, हिवाळा कडक आहे, हरणं विरळ आहेत. हजारो एकर एकसारख्या रानात हरीण मूठभर जागी असतं, आणि ती जागा घरी बसून शोधायची असते. आधी तोड झालेले पट्टे बघावेत. ॲस्पेन झाडांची तोड होऊन तीन ते दहा वर्षं झालेल्या जागी कोवळी, दाट वाढ असते. तिथे चाराही मिळतो आणि लपायलाही होतं. असा पट्टा एका बाजूला, सीडरची दलदल दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कोरड्या जमिनीची चिंचोळी पट्टी असेल तर तिथे खूण करावी. उपग्रहाचं चित्र बरेचदा दोन-तीन वर्षं जुनं असतं. म्हणून काउंटीच्या वन कार्यालयात फोन करून यंदा तोड कुठे झाली, कोणत्या रस्त्यांची फाटकं बंद आहेत, हे विचारावं. तिथली माणसं मोकळेपणाने सांगतात. 'हरीण कुठे मिळेल' असं मात्र विचारू नये.

बहुतेक शिकारी गाडीपासून अर्ध्या मैलाच्या आत बसतात. बंद फाटकाच्या पलीकडे किंवा ओढा ओलांडून थोडं पुढे गेलं की गर्दी ओसरते. पण जितकं आत जावं तितकं मेलेलं जनावर बाहेर ओढावं लागतं. राष्ट्रीय वनातल्या रेनबो लेक किंवा पॉर्क्युपाइन लेकसारख्या वाइल्डरनेस (जसंच्या तसं राखलेलं रान) हद्दीत चाकाची हातगाडीसुद्धा न्यायची नाही. तिथे बर्फ असेल तर घसरगाडी, नाहीतर जागीच तुकडे करून पाठीवर.

एक वारी वसंतात, बर्फ वितळल्याबरोबर करावी. गवत उगवायच्या आधी गेल्या हंगामातल्या वाटा, शिंगं घासून सोललेली झाडं, खुरांनी उकरलेली माती स्पष्ट दिसते. हंगामाआधी दोन दिवस पोहोचून त्याच जागा पुन्हा बघाव्यात. ताज्या लेंड्या नसतील तर जागा सोडावी, मन अडकवू नये. वाऱ्याच्या प्रत्येक दिशेसाठी वेगळी जागा हवी. थंडीची लाट येऊन गेली की वारा साधारण वायव्येचा असतो. सकाळी ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते, त्यामुळे सकाळी चांगली असलेली जागा तिन्हीसांजेला आपला वास थेट हरणाच्या नाकात नेऊन सोडते. पहिल्या दिवशी दुपारी उठू नये. बाकीचे शिकारी जेवायला गाडीकडे निघतात आणि त्यांच्या चाहुलीने हरणं हलतात. पुढच्या दिवसांत ती दलदलीत शिरतात, आपणही काठावर सरकायचं.

हे सगळं 'कोणीही उठतो'वाल्यांनी एकदा नीट वाचावं. इथे उत्साह चालत नाही, अभ्यास चालतो. आणि ज्याने तो केला तोही बरेचदा रिकाम्या हाताने परततो.

थंडीची तयारी हा वेगळा विषय. मचाणापर्यंत चालताना जाड जाकीट पाठीवर बांधावं. घामाने भिजलेला सुती गंजीफ्रॉक नऊ वाजेपर्यंत माणसाला कापरं भरवतो. आत लोकरच हवी. कमरेच्या वरचे निम्मे कपडे भडक केशरी किंवा गुलाबी असावेत, टोपी घातली तर तीही. पडण्याचे अपघात मुख्यतः मचाणावर चढता-उतरताना होतात. म्हणून जमीन सोडल्यापासून अंगभर पट्टा दोरीला अडकवलेला असावा, आणि बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर घ्यावी. झाडात स्क्रू मारायचे नाहीत, नेम धरायला फांद्या तोडून वाट करायची नाही. मोबाइलला बहुतेक जागी रेंज नसते, थंडीत बॅटरी झरकन उतरते. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, पॉवर बँक आतल्या खिशात, आणि सोबत कागदी नकाशा व होकायंत्र. प्रवासात बंदुकीवरच्या दुर्बिणीला धक्का बसलेला असतो, म्हणून पोहोचल्यावर १०० यार्डांवर दोन-तीन बार काढून नेम तपासावा. रात्री बंदूक गरम खोलीत आणू नये, काचेवर बाष्प धरतं आणि सकाळी काही दिसत नाही.

बार पुढच्या खांद्याच्या मागे, फुप्फुसांत. जागेवर फिकं, फेसाळ रक्त दिसलं तर अर्धा तास थांबून माग काढावा. हिरवट, घाण वासाचा द्रव दिसला तर गोळी पोटात लागली आहे. सहा-आठ तास थांबावंच. लगेच पाठलाग केला की जखमी जनावर मैलभर पळतं आणि वाया जातं. ते खासगी हद्दीत गेलं तर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, पाटी नसली तरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते. सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला. त्यामुळे डोकं तपासणीच्या पेटीत टाकावं, मांसाची पाकिटं वेगळी बांधून फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि निकाल येईपर्यंत शिजवू नये. रोग निघाला तर ते मांस टाकून द्यायचं. आख्खं धड राज्याबाहेर नेण्यावर आपल्या राज्याचे निर्बंध असतात. कणा आणि मेंदू तिथेच सोडावा, हाडं काढलेलं मांस बर्फाच्या पेटीत घालून आय-३९ महामार्ग धरावा. हे मांस विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी शिकार करूनच इथली हरणं संपत आली होती. ती विक्री बंद पाडायला १९०० साली लेसी कायदा आला. 'शिकार खुली केली तर गावाला उत्पन्न होईल' म्हणणाऱ्यांनी एवढा इतिहास वाचावा. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांकडे वन्यजीवांसाठी जातो. गणना, जमीन, संशोधन यांच्या खर्चाचा मोठा वाटा शिकारी उचलतो.

मग ही पद्धत उचलून कोकणात नेता येईल का? नाही. विस्कॉन्सिन महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं मोठं, पण माणसं साठ लाखांच्या आत. एकट्या मुंबईत २०११ सालीच १ कोटी २४ लाख होती. रायफलची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडे तेवढ्या अंतरात दोन वाड्या, एक शाळा आणि पाणंदीतून लाकूडफाटा आणणाऱ्या बायका असतात. तिथे नव्या हौशांच्या हाती रायफल देणं म्हणजे माणसं मारणं आहे.

असं ठणकावून सांगताना एक गोष्ट मला टोचते. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या कुठल्या दलदलीची मालकी कोणत्या काउंटीची, हे मला तोंडपाठ आहे. आमच्या गावामागच्या रानात वनखात्याची हद्द कुठे संपते आणि डुकरं कुठल्या घळीतून भातात उतरतात, हे मी सांगू शकत नाही. विस्कॉन्सिनमध्ये मी जास्तीचे पैसे भरून आत येणारा परका. गावच्या वादात फुकट मत देणारा परका. माझं भात डुकरं खात नाहीत. तरी गप्प बसवत नाही, कारण ते रान माझं आहे असं मला अजून वाटतं.

म्हणून सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला किंवा रोहीला मारण्याची परवानगी देण्याची सोय आहे. 'शिकार खुली करा' आणि 'हात लावू नका' या आरोळ्यांत तिच्याबद्दलचे खरे प्रश्न कोणी विचारत नाही. परवानगी पिकाच्या हंगामात मिळते की कापणीनंतर? बार कोण काढणार, त्याची नेमबाजी कोणी तपासली, मागे गोळी अडवणारा बांध आहे का? जखमी डुकराचा माग रात्री कोण काढणार? कायद्याने मेलेलं जनावर सरकारचं, तर ते उचलायला माणूस आणि गाडी कोणाची? आणि तालुक्यात डुकरं किती, हे दर वर्षी कोण मोजणार? अमेरिकेतून काही घ्यायचं असेल तर या प्रश्नांची लेखी उत्तरं हंगामाच्या आधी, गावाच्या चावडीवर लावलेली असावीत, एवढं घ्या.