तुमची शाल आणि नारळ ठेवा तुमच्यापाशीच!

डोकं अजून तापलेलंच आहे. काल रात्री आमच्या नेरुळच्या सोसायटीची मीटिंग होती, २६ जानेवारीला सत्कार कुणाचा करायचा यावर. मी म्हटलं, यंदा आपल्याच बिल्डिंगमधल्या जहाजावरच्या लोकांचा करा. सेक्रेटरी म्हणतात, "वहिनी, त्यांना डॉलरमध्ये पगार मिळतो. वर सत्कार कशाला?" आणि सगळे हसले! मी कॅप्टन राधिका मेनन यांचं नाव घेतलं. एकालाही माहीत नाही. सांगायला लागले तर म्हणे, "पुढचा विषय, पार्किंग."

मग इथे पूर्ण सांगते. जून २०१५. बंगालच्या उपसागरात 'दुर्गाम्मा' नावाची मासेमारी बोट, इंजिन बंद, नांगर गेलेला, नुसती भरकटतेय. वर सात जण, सगळ्यात लहान पोरगा १५ वर्षांचा. अन्नपाणी वाहून गेलेलं, मासळीसाठी ठेवलेल्या बर्फावर जिवंत. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या 'संपूर्ण स्वराज्य' या टँकरच्या, म्हणजे तेलवाहू जहाजाच्या, सेकंड ऑफिसरला ती ओडिशातल्या गोपाळपूरजवळ अडीच किलोमीटरवरून दिसली. लाटा २५ फुटांच्या वर, वारा ६० नॉटच्या पुढे, वरून धो धो पाऊस. तशात मेनन बाईंनी एवढं मोठं टँकर बोटीजवळ नेलं, पायलट लॅडर, म्हणजे बाजूनं सोडायची दोराची शिडी, सोडली आणि सातही जणांना वर घेतलं. २०१६ मध्ये त्यांना आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, शौर्य पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला!

यावर एखादे काका म्हणतील, "ती त्यांची ड्युटीच आहे." हो, आहे. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलंय, कॅप्टननं मदतीला गेलंच पाहिजे. पण त्याच नियमात हेही आहे, की जाणं शक्य किंवा योग्य वाटलं नाही, तर कारण लॉगबुकात लिहून पुढे जाता येतं. अशा हवेत ते कारण लिहायला किती वेळ लागतो हो काका?

माझा नवरा सेकंड ऑफिसर आहे. रात्री बारा ते चारच्या वॉचला अंधारात डोळे ताणून उभा असतो. आणि इथे लिफ्टमध्ये विचारतात, "नेव्हीत ना? मग कॅन्टीनचं कार्ड असेल!" मर्चंट नेव्ही, अहो, मर्चंट! व्यापारी जहाजं, लष्कर नव्हे! बँकेला त्याची नोकरी परमनंट वाटत नाही म्हणून आमचं होम लोन किती महिने लटकलं होतं. २०२० मध्ये कोविडमुळे क्रू चेंज, म्हणजे जहाजावरची माणसं बदलणं, बंद, कॉन्ट्रॅक्ट संपूनही तो जहाजावरच अडकलेला. शेवटी घरी आला, तर याच कमिटीनं त्याला गेटवर बॅगांसकट उभं ठेवलं. रिपोर्ट निगेटिव्ह होता! ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो. १९१९ मध्ये त्या दिवशी 'एसएस लॉयल्टी' ही भारतीय कंपनीची बोट मुंबईहून लंडनला निघाली होती. त्या संध्याकाळचा क्लबहाऊस मी आज सकाळीच माझ्या पैशानं बुक केलाय. बिल्डिंगमधल्या प्रत्येक जहाजवाल्याच्या घरी मी स्वतः बोलावणं करणार आहे. कमिटीला नाही.