आला तसा पुढे पाठवला, पण लिहिला कोणी?

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर भाच्याने एक मजकूर टाकला. मथळा ‘पत्रकार संपले, नागरिक जागे झाले!’, आजूबाजूला सहा लाल दिवे आणि वर ते दुहेरी बाण, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला. खाली भाच्याची स्वतःची भर : ‘मामा, दुकान बंद!’ मी पुण्यातल्या एका दैनिकात बावीस वर्षं डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या टेबलावर काढली, त्यावरचा हा टोमणा. मी सोडूनही दिलं असतं. पण पाच मिनिटांत त्याखाली आईचा अंगठा आला.

मजकुराचा सारांश असा. बातमी आता सेकंदात पोहोचते, पेपर म्हणजे शिळी पोळी. पेपर विकले गेलेत, फॉरवर्डला मालक नसतो. संपादक म्हणजे नुसती कात्री. दक्षिण कोरियात पत्रकारांशिवाय पेपर चालतो. टिळक-आगरकर तरी कुठे पदवी घेऊन आले होते, तेही नागरिक पत्रकारच. आणि शेवटी ठळक अक्षरांत : ‘आलं की पुढे पाठवा. खरं-खोटं जनता ठरवेल.’

हे वाचून आईने अंगठा द्यावा याचाच मला राग आला. कारण २०२४ चा जुलै ती विसरली असली तरी मी विसरलेलो नाही. २५ जुलैला पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सकाळपर्यंत ३५ हजार क्युसेकच्या वर गेलं होतं. त्याच रात्री आईच्या फोनवर एक ऑडिओ आला. घाबऱ्या आवाजात कुणीतरी सांगतंय, ‘पानशेत गेलं, अर्ध्या तासात पाणी शहरात, सगळ्यांना कळवा.’ १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात खरोखर पूर आला तेव्हा आई नऊ वर्षांची होती, घर नारायण पेठेत. वडिलांच्या खांद्यावर बसून बाहेर पडलेली. तिला ‘पानशेत’ एवढा शब्द पुरतो. मी पोहोचलो तेव्हा ती कोथरूडच्या इमारतीत, जिथे नदीचं पाणी यायला आधी टेकडी चढावी लागेल, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसली होती. गुडघा सुजलेला, मांडीवर रेशनची जुनी पिशवी. पिशवीत घराची कागदपत्रं, बाबांचा फोटो आणि, का कोण जाणे, पोळपाट.

मी काय केलं? पाटबंधारे खात्याच्या बातम्या बघणाऱ्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याने नियंत्रण कक्षात विचारलं आणि परत फोन केला. धरण शाबूत, विसर्ग कमी केलाय. दोन फोन, आठ मिनिटं. ऑडिओवाल्या महाभागाला आणि तो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला हे करता आलं असतं. कुणी केलं नाही, कारण ‘सगळ्यांना कळवा’ म्हटलं होतं, ‘आधी विचारा’ म्हटलं नव्हतं.

म्हणून सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून. खरं-खोटं जनता ठरवेल म्हणे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणून फोनाफोनांवर मजकूर आणि व्हिडिओ फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. गावोगाव भिक्षा मागत हिंडणं हीच त्यांची पिढ्यांची रीत. जनतेने ठरवलं, हीच ती टोळी. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन पाचही जणांना मारून टाकलं. जनतेने ठरवणं म्हणतात ते असं दिसतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपला भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवण्याची मर्यादा घालावी लागली. भाच्याचा मजकूर सांगतो ‘आलं की पुढे पाठवा’, आणि ज्याच्यावरून पाठवायचा ती कंपनीच म्हणते ‘जरा दमानं’.

याच मुद्द्यात कात्रीचाही हिशेब होऊन जाऊ दे. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून पळतात. तो व्हिडिओ मुळात कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीचा. मूळ चित्रफितीत ते दोघं वळून परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि पाटी दाखवतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. भारतात जो फिरला त्यातून हा शेवट कापलेला होता. म्हणजे कात्री होतीच. कुणाच्या हातात होती, एवढंच कळलं नाही. आमच्या डेस्कवर माझ्या कात्रीने कुणाच्या बातमीचा जीव घेतला तर तो बातमीदार दुसऱ्या दिवशी टेबलासमोर उभा राहून मला शिव्या घालत असे, आणि पुष्कळदा त्याचंच बरोबर असे.

पुण्याला तर याचा धडा त्याच्याही आधी मिळाला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार असे एसएमएस फिरले आणि बंगळूरसारखेच पुण्यातूनही विद्यार्थी, हॉटेलात काम करणारी पोरं मिळेल त्या गाडीने गावी निघाली. त्याआधी कोंढव्यात मारहाणीचे प्रकार खरोखर झाले होते, म्हणून तर अफवा इतकी खपली. सरकारने तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिवसाला पाच एसएमएसची मर्यादा आणली होती. आकडा तेव्हाही पाचच, योगायोग.

भाचा इंजिनिअर आहे, त्याला आकडे लागतात, म्हणून हा एक पुरेसा व्हावा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या तिघा संशोधकांचा अभ्यास मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या, पसरवणारी माणसं सुमारे ३० लाख. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. १५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सहापट वेळ लागला. आणि हे यंत्रांनी केलं नाही, माणसांनीच केलं, कारण खोटं नवं वाटतं, चटकदार असतं. आता सांग, जनता काय ठरवते? जे आधी पोहोचतं आणि चवदार लागतं तेच.

टिळक-आगरकरांचं नाव घेतलं नसतं तर बरं झालं असतं. पत्रकारितेची पदवी नव्हती, कबूल. पण ‘केसरी’ सुरू होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हाचं प्रकरण ऐका. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चाललाय, त्यामागे दिवाण बर्वे आहेत, असा गवगवा होता. पुरावा म्हणून बर्व्यांच्या नावाची पत्रं हाती आली, ती छापून झाली. पत्रं बनावट निघाली. आजच्या भाषेत म्हणायचं तर फॉरवर्ड आला, खरा वाटला, पुढे पाठवला. पण पुढचं बघा. बर्व्यांनी खटला भरला, कारण कुणावर भरायचा हे माहीत होतं. दोघांनी माफी मागितली, तरीही १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. (त्यांच्या जामिनासाठी महात्मा फुल्यांनी खटपट केली होती, मतभेद बाजूला ठेवून. हेही एकदा कुणीतरी फॉरवर्ड करा.) त्या रात्री पानशेत फोडणाऱ्या ऑडिओवाल्याला किती दिवसांची झाली?

कोरियाचा मुद्दा अर्धवट वाचून लिहिलाय. ‘ओहमायन्यूज’ हे तिथलं बातम्यांचं संकेतस्थळ २२ फेब्रुवारी २००० ला सुरू झालं, घोषवाक्य ‘प्रत्येक नागरिक बातमीदार’, सुरुवातीला ७२७ नागरिक बातमीदार, हे सगळं खरं. पण पत्रकारांशिवाय? तिथे पगारी पत्रकार होते, नागरिकांनी लिहिलेलं तपासायला संपादक होते आणि लिहिणाऱ्याला खऱ्या नावाने नोंदणी करावी लागे. उलट २००८ मध्ये सीएनएनच्या नागरिकांसाठीच्या ‘आयरिपोर्ट’वर न तपासता एक मजकूर चढला, स्टीव्ह जॉब्सना हृदयविकाराचा झटका आल्याचा. ॲपलचा शेअर काही मिनिटांत गडगडला. जॉब्स ठणठणीत नसतील, पण झटका आलेला नव्हता.

पेपर विकले गेलेत, यावर मात्र मला फार तोंड वर करून बोलता येत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकच स्तुतिपर मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावांखाली छापून आला. काना-मात्रेचाही फरक नव्हता. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं सांगणाऱ्यांत बड्या वाहिन्या होत्या. मीही रात्री साडेअकराला जाहिरात विभागाच्या फोनवरून बातमी आतल्या पानावर ढकललेली आहे. फक्त एकच विचारतो, पेपर विकला जातो म्हणून जो मजकूर कुणाचा तेच ठाऊक नाही तो शुद्ध कसा ठरतो? मालक दिसत नाही, म्हणजे नाही असं थोडंच!

वेगाचंही मान्य. एकतानगरीतल्या रहिवाशांनी गॅलरीतून काढलेले व्हिडिओ आधी आले, पेपर दुसऱ्या दिवशी. त्या व्हिडिओंमुळेच ‘आम्हाला इशारा मिळाला नाही’ हे म्हणणं कुणाला दडपता आलं नाही. माहिती अधिकारात कागद काढून पालिकेला घाम फोडणारी माणसं या शहरात आहेत. विवेक वेलणकरांचा सजग नागरिक मंच आहे. तळेगावच्या सतीश शेट्टींचा २०१० मध्ये खून झाला, जमिनीचे व्यवहार उकरून काढत होते. यांना नागरिक पत्रकार म्हणा, मी उठून नमस्कार करीन. पण हे लोक अर्ज करतात, कागद मिळवतात, आपल्या नावानिशी बोलतात. ‘आला तसा पाठवला’ म्हणत नाहीत.

हे सगळं भाच्याला लिहून पाठवायच्या ऐवजी मी आईकडे गेलो आणि तिच्या पेपरचं शेवटचं पान उलटलं. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. मुद्रक अमुक, प्रकाशक अमुक, छापखाना कुठे, संपादक कोण. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची तेही काही पेपरांत तिथेच असतं. मुद्रक-प्रकाशकांची नावं तर १८६७ च्या कायद्यापासून छापावी लागतात. पन्नास वर्षं पेपर वाचणाऱ्या आईने ती ओळ पहिल्यांदाच वाचली, तीही माझा चष्मा लावून.

मग तिने फोन घेतला, अंगठा काढून टाकला आणि एका बोटाने, दोन मिनिटं लावून, ग्रुपवर टाइप केलं : ‘हे लिहिलंय कोणी? नाव टाक.’

ग्रुपमध्ये आम्ही एकोणीस जण आहोत. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आहेत. चार दिवस झाले. परवा आत्याने सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं, दुहेरी बाणाचं.