फ्रीजरमध्ये ठेवून हार्ड डिस्क जिवंत होत नाही

“हार्ड डिस्क बंद पडली? दुकानदाराला हजारो रुपये देऊ नका. डिस्क पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी काढून हळूच ठोका, मग चेकडिस्क मारा. तरी नाही उघडली तर फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका, शंभर टक्के डाटा परत. एसएसडी असेल तर टेन्शनच नाही.”

हा मेसेज आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ग्रुपाग्रुपांवर फिरतो आहे. तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे त्याचे परिणाम माझ्या टेबलावर येतात. धंद्यावर पाय येतो म्हणून हा बोलतो, असं कोणी म्हणेल. पण फ्रीजरमधून निघालेली डिस्क माझ्याच काय, नागपूरच्या डाटा रिकव्हरी लॅबच्याही हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून एकेक दावा तपासू.

फ्रीजरचा उपाय अगदी हवेतून आलेला नाही. जुन्या डिस्कांमध्ये डिस्क थांबली की वाचणारं हेड डाटा साठवणाऱ्या गोल तबकडीवर थेट टेकायचं आणि कधीकधी तिथंच चिकटून बसायचं. थंडीनं धातू आकसला की एखाद्या वेळी ते सुटायचं. आताच्या बहुतेक डिस्कांत हेड तबकडीच्या बाहेर, रॅम्पवर जाऊन थांबतं. दुखणंच बदललं, औषध मात्र तेच फिरतं आहे. शिवाय हार्ड डिस्क हवाबंद असते हा गैरसमज आहे. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्का सोडल्या तर बाकीच्यांना हवेसाठी बारीक छिद्र असतं. त्याला फिल्टर असतो, पण तो धूळ अडवतो, ओल नाही.

मे महिन्यात एक फोटोग्राफर भाऊ अशीच डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आला. बाहेर पारा 44 वर, दुकानात कूलर चालू, म्हणजे हवेत ओल भरपूर. रुमाल सोडला आणि पाहता पाहता झाकणावर दव धरलं, लेबलची कड उचलली, कनेक्टरच्या पट्ट्यांवर थेंब चमकू लागले. तो म्हणे, “भाऊ, लावून त पाहा एकडाव.” मी लावली नाही. जे दव बाहेर दिसत होतं ते आत तबकडीवरही धरलेलं असू शकतं. तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवरून जातं. त्या फटीत धुराचा कणही मावत नाही, मग पाण्याचा थेंब कसा मावेल?

ठोकण्याबद्दल. डिस्क लावली की टक्, टक्, टक् असा आवाज येतो आणि मग ती गप्प होते, तेव्हा लोकांना वाटतं आत काहीतरी अडकलं. बहुतेकदा तसं नसतं. हेड तबकडीवरच्या खुणा शोधत असतं, त्या सापडत नाहीत, म्हणून मागे जाऊन पुन्हा येतं. हेड मोडलेलं असेल तर अशा प्रत्येक फेरीत तबकडीवरचा लेप खरवडला जाऊ शकतो, आणि लेप गेला तर डाटा गेला. तो मग कोणत्याही लॅबला आणता येत नाही. टकटक ऐकू आली की वीज काढायची, पुन्हा लावून पाहायचं नाही. झाकण उघडायचं तर नावच नको. आमच्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तूस उडत असतं, आणि लॅबवाले हे काम गाळलेल्या हवेच्या क्लीनरूममध्ये करतात.

सगळ्यात जास्त नुकसान मी चेकडिस्कनं, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेनं, झालेलं पाहिलं आहे. लाईन गेली, कॉम्प्युटर धाडकन बंद पडला, मग चेकडिस्क मारली आणि सगळं ठीक झालं, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. तिथं डिस्क धडधाकट असते, फक्त कोणती फाईल कुठं आहे याच्या नोंदी विस्कटलेल्या असतात. चेकडिस्क नोंदी जुळवते, तुमच्या फायली वाचवणं हे तिचं काम नाही. जी नोंद जुळत नाही तिला चेकडिस्क तोडून टाकते, आणि मग फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये नाव-गाव नसलेले तुकडे उरतात. शिवाय खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले बारीक कप्पे, शोधायला सांगितलं तर आधीच दमलेल्या डिस्कचा कोपरा न् कोपरा तासन् तास वाचत बसते आणि वर लिहीतही जाते.

डिस्क टकटक करत नसेल, पण अडखळत असेल तर आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करायचं. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू यासाठीच आहे, आणि ते फुकट आहे. ते सहज निघणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा शेवटी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद फाईलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच लाईन गेली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं. आपल्या भागात ही केवढी सोय आहे!

मेसेजमध्ये जे सांगायलाच हवं होतं ते मात्र नाही. पहिली शंका केबलवर घ्या. केबल बदला, डेस्कटॉपच्या पुढच्या यूएसबीऐवजी मागच्या पोर्टला लावून पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दिसते. त्यात सी7 क्रमांकाचा आकडा वाढलेला असेल तर दोष बहुतेक केबलचा, 05, सी5 किंवा सी6 वाढलेले असतील तर डिस्कचा. लाईन झटक्यानं आल्यावर डिस्क फिरतच नसेल तर सर्किट बोर्ड जळाला असू शकतो. पण तसाच दुसरा बोर्ड आणून बसवला की झालं, असं नाही. बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते, ती चिपही हलवावी लागते.

“शंभर टक्के डाटा परत” हे तर सरळ खोटं. सॉफ्टवेअरला डिस्क वाचता आली तरच ते काही काढेल. धडधाकट डिस्कवरून चुकून उडवलेल्या फायली मात्र खरंच परत येतात. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून वावर कुठं जात नाही, पण दुसऱ्यानं नांगर घातला की जुनं पीक गेलं. म्हणून रिक्युव्हा किंवा फोटोरेक यांसारखं रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकायचं नाही आणि सापडलेल्या फायलीही तिच्यावर उतरवायच्या नाहीत. फोटोरेकनं काढलेल्या फायलींना जुनी नावं नसतात, याचीही तयारी ठेवा. विंडोज “फॉरमॅट करायचं का” विचारतं तिथं नाही म्हणा. व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो, त्यानंतर काही उरत नाही.

एसएसडीबद्दलचं वाक्य सगळ्यात घातक. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर डाटा ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नाही हे खरं, पण फाईल उडवली की ट्रिम नावाची आज्ञा जाते आणि ती जागा थोड्याच वेळात आतून साफ होते. तिथं नंतरचं सॉफ्टवेअर कामाचं नाही. आणि बिघडते तेव्हा ती पुष्कळदा आवाज न करता, इशारा न देता जाते.

राहिला पैशांचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. डिस्क उघडून करायचं काम महाग असतं, कापूस विकून आलेल्या पैशातून ते देणं सोपं नाही. म्हणून आधी आत काय आहे ते आठवा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन पुन्हा निघतो, अलीकडच्या वर्षांची मार्कशीट डिजीलॉकरवर मिळते, त्यासाठी खर्च करू नका. गेलेल्या वडिलांचा आवाज किंवा दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो फक्त त्या डिस्कमध्येच असतील तर गोष्ट वेगळी. मग डिस्क फोममध्ये नीट गुंडाळून पाठवा. तपासणीची फी किती आणि डाटा नाही निघाला तर काय द्यावं लागेल हे आधी विचारून घ्या, हवे ते फोल्डर कागदावर लिहून द्या. आणि आधी कोणी काय काय करून पाहिलं ते लपवू नका, फ्रीजरसुद्धा.