‘घोडा जी५’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

बुद्धिबळातल्या ‘घोडा जी५’ (घोडा जी५ या घरात) या चालीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “सुरुवातीला एकच मोहरा दोनदा हलवू नये हे कालच्या पोरालाही कळतं. चौथ्या चालीला घोडा जी५ सांगून नवख्यांना बिघडवताय. रेटिंग तरी आहे का?” मतभेदाचं मला वावडं नाही, पण हा सूर कशाला? पटासमोर बसून कुणाशी असं बोलाल का? रेटेड स्पर्धांत टू नाइट्स, म्हणजे ही चाल जिच्यात येते ती सुरुवात, मी दोन्ही रंगांनी खेळत आलोय. तेवढं पुरे.

आता ते ‘दोनदा’. चाली अशा (नुसतं घराचं नाव म्हणजे प्याद्याची चाल): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६. इथे एफ७चं प्यादं राखायला एकटा राजा आहे, आणि एफ८चा उंट घरातच असल्यामुळे कॅसलिंगही (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं) नाही. घोडा जी५वर आला की एफ७वर घोडा आणि उंट दोघांचा मारा. काळ्याला डी५ जवळपास खेळावंच लागतं. (ट्रॅक्सलर नावाचा प्रतिहल्ला खेळणारे उंट सी५ खेळतात, तो स्वतंत्र विषय.) पांढऱ्या प्याद्यानं डी५ मारलं आणि काळ्यानं घोड्यानं परत मारलं, की पांढरा घोडा एफ७ मारतो, राजा त्याला मारतो, वजीर एफ३ शह. डी५चा घोडा वाचवायला काळ्या राजाला ई६वर, भर पटात यावं लागतं. जी८वर पळाला तर उंट डी५ मारून शह देतो आणि मात टळत नाही.

म्हणून जाणकार काळ्याकडून पाचवी चाल घोडा ए५ खेळतात. उंट बी५ शह, सी६, प्याद्यांची मारामारी, उंट ई२, एच६, घोडा एफ३, ई४, घोडा ई५. दहा चालींत पांढऱ्याचा घोडा चारदा, उंट तीनदा! वजिराच्या बाजूचे घोडा-उंट घरातच. ही किंमत लेखात स्पष्ट लिहिली होती, तुम्ही तिथवर वाचलं नसावं. बदल्यात पांढऱ्याला एक प्यादं जास्त, शिवाय काळ्याची ए७ आणि सी६ प्यादी एकाकी. नवव्या चालीला घोडा एफ३ऐवजी काठावर, एच३ला नेऊन जगज्जेता स्टाइनिट्झ रशियाच्या चिगोरिनविरुद्ध, तारेनं चाली कळवून खेळलेल्या सामन्यात हरला. पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरनं १९६३मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर बिस्गायरविरुद्ध तीच चाल खेळून डाव जिंकला. त्यांनाही नियम शिकवणार का?

लेखात दहाव्या चालीनंतरच्या पटाची आकृती हवी होती, हे मान्य, टाकतो.

पुन्हा लिहाल तेव्हा चालींची ओळ लिहा: घोडा ई५नंतर उंट डी६, डी४, काळा एंपासां (दोन घरं पुढे आलेलं शेजारचं प्यादं एकच घर आल्यासारखं) मारतो, घोडा डी३ मारतो. इथून काळा प्याद्याची भरपाई कशी करतो, ते चालींनिशी दाखवा.