आकडे कुणी भरले ते आधी विचारा

आगीच्या तपासावरच्या एका लेखात म्हटलंय की एफडीएसचं (आग आणि धूर कसा पसरतो ते कॉम्प्युटरवर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचं) सिम्युलेशन जळाल्याच्या खुणांशी जुळलं, म्हणजे आग कुठे लागली ते सिद्ध झालं. हे पटत नाही. आगीतून दर सेकंदाला किती उष्णता निघते हा आकडा बहुतेकदा तपासणाराच भरतो. तो बदलला की दोन वेगळ्या जागाही त्याच खुणांशी जुळवता येतात. निपाणीतली तंबाखूची वखारच घ्या. गठ्ठ्यांत आग तासन्‌तास ज्वाळेविना धुमसते, आणि नेमका हाच टप्पा एफडीएसला नीट जमत नाही. शटर किती वाजता उघडलं, छपराचा पत्रा कधी सुटला, यावर हवेचा सगळा हिशेब. ती वेळ जबाबांतून येते, कॉम्प्युटरमधून नाही.

ग्रिडच्या सेलचा आकारही विचारा; सेल म्हणजे गणितासाठी जागेचे पाडलेले छोटे ठोकळे. १ मेगावॅटच्या आगीला साधारण ६ ते २४ सेंमीचा लागतो. तो निम्मा केला की गणिताला सुमारे १६ पट वेळ, म्हणून मोठाच ठेवायचा मोह होतो. निम्म्या सेलवर पुन्हा चालवून उत्तर टिकतं का, हे अहवालात हवंच.

बेळगावच्या वकिलांनो, रंगीत व्हिडिओवर समाधान मानू नका. मूळ इनपुट फाइल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा अंकी ठसा) प्रमाणपत्र मागा. इनपुट फाइल साध्या मजकुराची असते. दुसऱ्या तज्ज्ञाला ती जशीच्या तशी चालवून बघता येते.