गोड आहेत, ‘पण’ भयंकर आहेत?

कॅमिल रोझ गार्सिया या अमेरिकन चित्रकर्तीची चित्रे कोणाला दाखवली की बहुधा एकच प्रतिक्रिया येते : “गोड आहेत, पण भयंकर आहेत.” या वाक्यातला ‘पण’ मला खटकतो, कारण माझ्या मते ती चित्रे गोड आहेत म्हणूनच भयंकर आहेत.

गार्सिया यांचा जन्म १९७० सालचा, लॉस एंजेलिसचा. त्या वाढल्या ऑरेंज काउंटीत, म्हणजे ज्या परगण्यातील अनाहाइम येथे १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले तिथेच. ‘पृथ्वीवरील सर्वांत आनंदी ठिकाण’ अशी ज्याची जाहिरात, त्याच्या सावलीत वाढलेल्या या बाईंनी आपल्या चित्रांच्या पुस्तकाला ‘पृथ्वीवरील सर्वांत दुःखी ठिकाण’ असे नाव दिले आणि २००७ साली सॅन होजेच्या कलासंग्रहालयात भरलेले त्यांचे प्रदर्शन ‘ट्रॅजिक किंगडम’, म्हणजे डिस्नेच्या ‘मॅजिक किंगडम’ची (जादुई राज्याची) ‘शोकांत राज्य’ अशी उलटापालट करणाऱ्या, नावाचे होते. (हाच श्लेष अनाहाइमच्याच ‘नो डाउट’ या बँडने १९९५ साली आपल्या अल्बमसाठी केला होता, त्या मातीत तो उगवतच असावा.)

त्यांची रेषा १९३०च्या दशकातील कार्टूनपटांची आठवण करून देते : लवचीक हातपाय, लांब पापण्या, बशीएवढे डोळे. त्या जुन्या कार्टूनचा एक अलिखित करार असे, की कड्यावरून पडलेले पात्र पुढच्या क्षणी अंग झटकून उभे राहील. १९३७ सालच्या डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मध्येही झाडे हात पसरून मुलीवर झेपावतात, विषारी सफरचंद असते, आणि शेवटी सारे निस्तरते. गार्सिया हा शेवटच काढून टाकतात. त्यांच्या मुली विषण्ण डोळ्यांनी नासलेल्या, विषारी प्रदेशात अडकून पडतात आणि त्यांना उठवायला कोणी येत नाही. लाकडी फळीवर ॲक्रिलिकचे ओघळ खाली उतरत राहतात, आणि त्यावर चमकी असते. मला ती चमकीच सर्वांत कडवट वाटते, कारण ज्या बाजाराने निसर्गाची नासाडी केली, त्याचे वेष्टनही असेच चमचमते असते.

एक तक्रार मात्र आहे. त्यांच्या मुली एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की दहाव्या चित्रापाशी विषण्णता ही नक्षी होऊन बसते आणि उपभोगावरची टीका स्वतःच दिवाणखान्यात शोभेल अशी वस्तू ठरते. २०१० साली त्यांनी लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या कथेसाठी चित्रे काढली, तेव्हा हे मला अधिक जाणवले. ती ॲलिस देखणी आहे, यात वाद नाही. परंतु तिथे वेडेपणा आधीच कथेचा होता, चित्राने नवा गुन्हेगार दाखवलाच नाही. गार्सिया यांच्या स्वतःच्या चित्रांतल्या निनावी मुलीला मात्र, ॲलिससारखे खोल पडायला, सशाचे बीळ लागत नाही. तिच्या पायाखालची जमीन माणसांनीच पोखरलेली असते.